परत आलेला डबा

आप्पांच्या दहाव्याला कावळा शिवेना. ओढ्याकाठच्या घाटावर पत्र्याच्या शेडपुढे पिंड मांडलेला होता. त्याच्याभोवती आप्पांच्या आवडीचं सगळं होतं, आंबेमोहराचा भात, वालाची उसळ, बुंदीचा लाडू, विड्याचं पान. पिंपळावर कावळे भरपूर होते, पण खाली उतरायला एकही तयार नव्हता. ऊन चढत चाललं. माझा धाकटा भाऊ विलास हात जोडून उभा राहून दमला. मग अशा वेळी करतात तसं एकेक जण पुढे येऊन शब्द द्यायला लागला. "आप्पा, रस्त्याकडची जमीन इकणार न्हाई." कावळा नाही. "आप्पा, नातवाचं लगीन दणक्यात करू." कावळा नाही. "आप्पा, हिराकाकीला अंतर देनार न्हाई." हिराकाकी म्हणजे माझी आई. तरी नाही. मला रडू येत होतं आणि मी तोंडाला पदर लावून उभी होते, पण त्यातलं निम्मं रडू वैतागाचं होतं. कारण हे दृश्य मला पाठ होतं. एक माणूस तोंड फिरवून बसलाय आणि बाकीचे ओळीने उभे राहून तो कशाने रुसला ते ओळखू पाहताहेत. माझं सगळं लहानपण याच रांगेत गेलं.

दहा दिवस घरात माणसांची रीघ होती. चहाचे कप हातात घेऊन प्रत्येक जण तेच वाक्य बोलायचा. देवमाणूस गेला. दारूचा थेंब नाही, पत्त्याला हात नाही, बायकोवर कधी हात उचलला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. मी मान हलवायचे. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. आप्पांनी आईवर आवाज चढवला नाही, कारण आवाज चढवायला आधी बोलावं लागतं.

मी सावकाश लिहिणारी बाई आहे. आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं, तिथे घाई कुणालाच नसते. आता महाळुंग्याला एका उंच इमारतीत राहते आणि खिडकीतून अर्धवट बांधलेल्या दुसऱ्या इमारती बघते. आप्पा गेल्यापासून रोज थोडं लिहून ठेवायचं ठरवलं, तर पहिल्यांदा आठवला तो त्यांचा डबा.

आमच्या गावी, उरवड्याला, तेव्हा कंपन्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. आप्पा एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. सकाळी पहिल्या भोंग्याच्या आधी आई उठून चूल पेटवायची. भाकरी थापण्याचा आवाज, मग तव्यावरून ती निखाऱ्याकडेला लावताना येणारा खरपूस वास, मग ॲल्युमिनियमच्या तीनताळी डब्याची कडी खट्कन बसायची. खाली भाकऱ्या, मधे भाजी, वर भात किंवा एखादी चटणी. आप्पा सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून निघायचे. संध्याकाळी परत आले, की पिशवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवायचे. त्या ठेवण्याकडे आमच्या तिघांचे कान असायचे. डबा रिकामा असला की आतली ताटली खणखण वाजायची, आणि मग घरात सगळं सुरू व्हायचं, चहा, रेडिओ, विलासची बडबड. एखाद्या दिवशी मात्र पिशवी ठेवल्याचा आवाजच यायचा नाही. भरलेला डबा वाजत नाही. आई हातातलं काम तसंच ठेवून उंबऱ्याकडे बघत राहायची. आप्पांनी अबोला धरलेला असायचा.

का, ते ते कधीच सांगायचे नाहीत. ते ओळखायचं काम आमचं. आई रात्रभर मागचे दिवस उसवत बसायची. "सुमे, परवा मी गिरणीत लई वेळ बसले व्हते, त्याचं असंल का? का मालनच्या हितं जायचं बोलले, त्याचं?" मीही शहाण्यासारखी तर्क करायचे. आप्पा त्या दिवसांत बाकी सगळ्यांशी बोलायचे, आणि नेहमीपेक्षा जास्त गोड बोलायचे. शेजाऱ्यांना हाक मारून थांबवायचे. मला पुण्याहून पुस्तक आणायचे, पाय पसरून बसायचे, मला मोठ्याने वाचायला लावायचे. आई तिथेच दोन हातांवर तांदूळ निवडत बसलेली असली, तरी म्हणायचे, "सुमन, तुझ्या आईला सांग, उद्या मला लवकर जायचं आहे." मी मान वळवून सांगायचे, "आई, आप्पांना उद्या लवकर जायचंय." आई मला म्हणायची, "बरं म्हनावं." मी पुन्हा मान वळवायचे. याच्यात विचित्र काही आहे हे मला वाटतच नव्हतं. सगळ्यांच्या घरी असंच असेल, जसा सगळ्यांच्या घरी उंबरा असतो.

या दिवसांत आप्पा घरचं खायचे नाहीत. कंपनीबाहेरच्या टपरीवर खात असावेत, कारण ते कधी वाळले नाहीत. आणि ते जेवल्याशिवाय आई जेवायची नाही. त्या काळी घरोघर बायका नवऱ्यामागून जेवायच्या, त्यात नवल नव्हतं. पण इथे नवरा जेवायचाच नाही. परत आलेला डबा आई म्हशीला घालायची. आमची म्हैस अबोल्यात बाळसं धरायची. शेजारच्या शांताकाकू दुपारी भाकरीचा तुकडा हातावर घेऊन यायच्या. आईपुढे केला, की आई म्हणायची, "नगं, उपास हाय." सोमवारी हे खपून गेलं. मग गुरुवारी, मग शनिवारी, मग संकष्टी, मग कुठल्या तरी देवीचा नवस. पुढं पुढं आईचे उपास गावात गाजले. नव्या सुना आईकडे व्रताची कहाणी ऐकायला यायला लागल्या. शांताकाकू आपल्या सुनेला म्हणायच्या, "हिराबाईकडं बघ जरा. वाऱ्यावर जगती बाई." आणि माझी आई, जिला भुकेने उभं राहवत नसे, ती भिंतीला हात टेकून कहाणी सांगायची. मला तिचा अभिमान वाटायचा. आता तो अभिमान आठवला की काहीतरी आपटावंसं वाटतं.

दहावीच्या सुट्टीत मला भऱ्याला मालनमावशीकडे पाठवलं. मावशी आईची धाकटी बहीण, आवाज इतका मोठा की शेतातून घरात निरोप द्यायला तिला माणूस लागत नसे. मी गेले त्याच दिवशी दुपारी काकांनी भाताच्या रोपाला पाणी लावलं आणि बंद करायचं विसरून पारावर गप्पा मारत बसले. रोप बुडालं. मावशी ओसरीवर उभी राहून जे सुरू झाली, ते मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"डोस्कं पारावर ठिवून आलाय का? रोप तुमचा बा लावनार हाय का परत?"

"बा काढायचा न्हाई, सांगून ठिवतो."

"काढनार. त्यो असता तर त्यानंच तुमची सालटी काढली असती."

"तुज्या तोंडाला कुलूप घालाया पायजे."

"घाला. आन किल्ली इसरून या पारावर."

मी कणगीमागे जाऊन बसले. आता सगळं गप्प होणार, आता किती दिवस, मी निरोप्याचं काम करायचं का, मला इथल्या सवयी माहीत नाहीत, असं काहीबाही डोक्यात चाललं होतं. तेवढ्यात काका आत आले, हात धुतले आणि पाटावर बसले. "वाढ आता. का बोलूनच पोट भरायचं?" मावशीने ताटात भात आदळला, वर आमटी ओतली, आपलंही ताट शेजारी घेतलं आणि दोघं जेवायला लागली. मधेच काका म्हणाले, "आमटी बरी झालीय." मावशी म्हणाली, "व्हय, रोप बुडवलं की आमटीला चव येती." आणि दोघं हसली.

मी जेवले नाही. काका उठून गेल्यावर मावशीला विचारलं, "मावशी, आता तू काकांशी किती दिवस बोलणार नाहीस?"

"कुनाशी? ह्याच्याशी? मी बोलले न्हाई तर ह्यो सुखानं फुगंल की." मग तिने माझ्या न शिवलेल्या ताटाकडे पाहिलं. "तुमच्यात कोन बोलत न्हाई?"

मी सांगितलं. डबा, म्हैस, निरोप, उपास, सगळं. पहिल्यांदाच ओळीने सांगत होते, आणि सांगता सांगता ते माझ्याच कानाला वेगळं ऐकू यायला लागलं. मावशीने खरकटा हात तसाच ठेवून सगळं ऐकलं. शेवटी ती म्हणाली, "आन आमी समजतुया, आमची हिरा देवाला लागलीया." मग माझं ताट पुढे सरकवलं. "खा आदी. उपाशी पोटी इचार करू नये."

घरी आले ती डोळ्यांवर दुसराच चष्मा लागल्यासारखी. आई आणखी वाळली होती. पौडच्या डॉक्टरांनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या होत्या आणि उपास बंद करा, नाहीतर एक दिवस विहिरीवरून पाय जाईल, असं स्पष्ट सांगितलं होतं. गावातल्या बायकांना हे कळलं, तर त्यांनी काय करावं? हिराबाईंनी सोळा सोमवार पुरे केलेत, डॉक्टर आडवा यायच्या आत उद्यापन उरकून घेऊ, म्हणून महादेवाच्या देवळात घाट घातला. वर्गणीने गहू, गूळ, तूप आलं. उद्यापनाला नवरा शेजारी बसावा लागतो. आप्पांचा अबोला तेव्हा ऐन भरात होता. निरोप अर्थातच मी नेला. आप्पा म्हणाले, "सांग, येईन. देवाच्या कामाला मी नाही म्हणत नाही."

मी आईला त्या दिवशी सकाळी न्हाणीपाशी गाठून म्हटलं, "आई, आप्पा तुला त्रास देतायत." ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी परक्या भाषेत बोलले होते. "त्रास? हात लावला का कवा मला? शांताच्या मालकाला बघ, कमरंचा पट्टा काढतो. तुला पुस्तकं आनून देत्यात आन तू असं बोलतीस?" या उत्तराने मी इतकी चिडले की रडायलाही सुचेना. पट्टा काढत नाही म्हणून त्यांना पाट द्यायचा, आणि पट्टा काढतो त्याच्या बायकोने म्हणायचं की निदान टाकून तर दिलं नाही. माप कुठवर खाली जाणार, हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

देवळात आप्पा पांढऱ्या सदऱ्यात आले. उपरण्याच्या टोकाला आईच्या पदराची गाठ बांधली. ते गुरुजींशी बोलले, पोराटोरांची चेष्टा केली, भऱ्याहून आलेल्या मालनमावशीला "काय मेव्हणीबाई, रोप कसं काय?" असं विचारलंसुद्धा. गाठीच्या दुसऱ्या टोकाला काय बांधलंय, तिकडे त्यांची नजर गेली नाही. आरती झाली. चुरम्याचे तीन भाग केले, एक देवाला, एक वाटायला, एक घरच्यांना. गुरुजी म्हणाले, "वहिनी, आधी यजमानांना द्या, मग आपण घ्या आणि उपास सोडा." आईने दोन्ही हातांनी चुरमा आप्पांच्या ओंजळीत ठेवला. आप्पांनी तो कपाळाला लावला. मग हसत शेजारी बसलेल्या एका लहान मुलीला जवळ ओढून सगळाच्या सगळा तिच्या हातात दिला.

"बघा," शांताकाकू म्हणाल्या, "तोंडातला घास लेकराला देनारा मानूस."

आईचे हात तसेच पुढे राहिले होते. तिचा स्वतःचा भाग ताटात होता आणि ती त्याच्याकडे पाहत होती. सकाळपासून पाणी सोडून तिच्या पोटात काही नव्हतं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"दाजी," मालनमावशी खांबाजवळून म्हणाली, "परसाद खाल्ला न्हाई तुमी."

"पोरं खातात, आपलं पोट भरतं," आप्पा गोड हसून म्हणाले, आणि सगळ्या बायकांनी कौतुकाने माना हलवल्या. हे त्यांचं नेहमीचं. धरायला गेलं तर हातात काही यायचं नाही.

तेव्हा मी बोलले. मी घुमी मुलगी होते, वर्गातही हात वर करत नसे. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "आप्पांनी खाल्ल्याशिवाय आई खात नाही. आणि आप्पा घरचं खातच नाहीत. डबा भरलेला परत आणतात. आईचे उपास देवाचे नाहीत. आप्पा बोलत नाहीत, म्हणून ती उपाशी आहे."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे, आणि अगदी मोकळेपणी हसले. "पुस्तकं लई वाचते ना. काहीतरी डोक्यात घेऊन बसते." सगळी हसली. सगळ्यांना हसायला जागा हवी होती, ती त्यांनी करून दिली. शांताकाकू मला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "बाळा, नवराबायकूत चालायचंच. मारत्यात का? पेत्यात का? मंग? अबोला काय, मायेपोटी बी आसतो."

मी मान खाली घातली. बोलून झालं होतं आणि काहीही झालं नव्हतं. घंटा वाजवायला कुणी पोर पुढे झालं, गुरुजी सामान आवरायला लागले. आणि आईने ताटातला आपला भाग उचलला.

गाठ तशीच होती. तिने आप्पांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. चुरम्याचा एक घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. मग दुसरा. सगळ्या बायका आईचं खाणं बघत उभ्या राहिल्या, जणू ती पहिल्यांदाच खात होती. ताट पुसून घेतल्यावर आई म्हणाली, "बरा झालाय. गूळ जरा कमी पडला."

एवढंच. आप्पा सुधारले वगैरे काही झालं नाही, ज्यांना तशी अपेक्षा असेल त्यांनी ती सोडावी. डबा भरलेला परत येतच राहिला. फक्त आई आता तो उघडायची, गरम करायची आणि आम्हाला दोघांना घेऊन जेवायला बसायची. म्हैस अंगाने उतरली. त्यानंतर आईने एकही उपास केला नाही, एकादशीचासुद्धा नाही, आणि गावात म्हणायला लागले की हिराबाईची श्रद्धा उडाली. कहाणी ऐकायला सुना यायच्या बंद झाल्या.

अबोल्याची जागा मात्र मला मिळाली. त्या संध्याकाळपासून आप्पा माझ्याशी बोलेनासे झाले. "विलास, तुझ्या बहिणीला सांग, दिवा बारीक कर." मला सगळं कळत होतं. सगळं माझ्या तोंडानेच तर मी देवळात मांडलं होतं. तरी मी रात्री अंथरुणात मागचे दिवस उसवत पडायचे. आवाज जरा कमी ठेवला असता तर, घरी येऊन बोलले असते तर. त्यांच्या सायकलचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून उभी राहायचे. कॉलेजसाठी पुण्याला निघाले त्या दिवशी माझ्या पिशवीवर एक नवं पुस्तक ठेवलेलं होतं, कोऱ्या कागदाचा वास येणारं. आप्पा फाटकापाशी उभे होते. म्हणाले, "नीट राहा, सुमन." मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडले. एसटीत बसल्यावर त्या आनंदाचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही. ते पुस्तकही अजून आहे. आप्पांनीच मला वाचायला लावलं, आणि ते गेल्यापासून मला त्यांचं मोठ्याने वाच म्हणणं रोज ऐकू येतं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एका ताटात वाढता येत नाही.

मागच्या वर्षी माझ्या भाचीने, विलासच्या मुलीने, आईला समजावलं होतं की याला सायलेंट ट्रीटमेंट म्हणतात, हा छळच असतो, त्यावर कायदासुद्धा आहे. ती हिंजवडीला कंपनीत आहे, तिच्याकडे शब्द भरपूर आहेत. आई शेंगा सोलत ऐकत होती. म्हणाली, "त्याला विंग्रजीत बी नाव हाय व्हय? मंग साहेब लोकांच्यात बी डबं परत येत असतील."

तर घाटावर ऊन डोक्यावर आलं होतं आणि कावळे पिंपळावरच होते. शब्द देऊन देऊन माणसं थकली. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववू. विलासला ते नको होतं. तो आईपाशी आला. ती शेडखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. "आई, तूच सांग. काय राह्यलं असंल त्यांचं? तुला ठाव असंल." सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले.

"मला न्हाई ठाव," आई म्हणाली. "वळखायचं मी कवाच सोडलं." मग तिने मला हाक मारली. "सुमे, डबा आणलाय न्हवं?"

आणला होता. तिची गोळी जेवणावर असते. मी तो तिच्या मांडीवर ठेवला. मागून कुणीतरी बिचकत म्हणालं, "काकी, कावळा शिवल्याबिगर घरच्यांनी खायचं नसतं."

"तुमी थांबा की," ती म्हणाली. "मला भूक लागलीया."

तिने कडी काढली. नाचणीची भाकरी, मेथीची भाजी, वरती दहीभात. ती सावकाश जेवली, सगळं. गुरुजी दर्भाला गाठ मारत होते. नंतर पिंडाला काय शिवलं, ते मी बघितलं नाही, मी तिच्याकडे बघत होते. परत येताना गाडीत डबा तिच्या मांडीवर होता. पिरंगुटच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत आतली ताटली घरापर्यंत खणखण वाजत राहिली.